अक्षरओळख

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ असा विषय दिला होता. मी तयारीही केली होती. पण आज सकाळी ग्रंथालयात चहा घेताना जे घडलं, त्यानंतर मला विषय थोडा वळवावासा वाटतो. चालवून घ्या. शाळेत असतानाही मी निबंधात विषय सोडूनच लिहायचे, हे बाईंना आठवत असेल.

सकाळी टेबलावर आपल्या दहावीच्या वर्षाचं हस्तलिखित ठेवलं होतं. १९९५-९६ चं. निळ्या कापडी बांधणीचं, साऱ्या जगात एकच प्रत असलेलं. कुणीतरी खेळ काढला: लेखाखालचं नाव हाताने झाकायचं आणि अक्षरावरून लेखक ओळखायचा. तीस वर्षं झाली, आपल्यातल्या निम्म्यांना एकमेकांचे चेहरे ओळखायला वेळ लागला. गळ्यातल्या नावाच्या पट्ट्या बघून आपण ‘अगं, तूच का ती?’ म्हणत होतो. पण अक्षरं? अक्षरं धडाधड ओळखली. ‘हा उभा, काटक्यांसारखा क कुणाचा? पहिल्या बाकावरचीचा.’ ‘ही शिरोरेघ न देता लिहिलेली कविता? खिडकीजवळचा.’

मग एक पान आलं. सहलीचं वर्णन. ळ असा काढलेला, की दोन वाटोळी एकमेकांना टेकून बसलेली. नाव झाकायची गरजच पडली नाही. आपला हजेरी क्रमांक सत्तावीस. तो जाऊन आता सहा वर्षं झाली. टेबलाभोवती क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एकीने त्या ळवर हलकेच बोट फिरवलं आणि पान उलटलं.

आपल्या ग्रुपवर त्याचे जुने संदेश अजून आहेत. मी मघाशी मुद्दाम वर जाऊन पाहिले. ‘शुभ सकाळ’, ‘हो’, ‘येतो’, ‘अभिनंदन’. नाव काढलं, तर ते तुमचेही असू शकतील आणि माझेही. म्हणून आज मी हस्ताक्षराबद्दल बोलणार आहे, आणि तेही अशी एक बाई म्हणून, जिने चोवीस वर्षं कीबोर्ड बडवून पोट भरलं.

आधी थोडी उजळणी. पहिलीत पाटी आणि पेन्सिल. मग दुरेघी वही. पाचवीत दोन मोठ्या गोष्टी एकदम आयुष्यात आल्या: इंग्रजी आणि शाईचं पेन. तेव्हा मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून असायचं. चार रेघी वही, आणि तिच्यात चार लिप्या. पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी. आजच्या मुलांना ‘चौथी लिपी’ म्हटलं तर कळत नाही. ते तिला कर्सिव्ह म्हणतात. आपल्याला मात्र चौथी लिपी येणं म्हणजे मोठं झाल्याचं प्रमाणपत्र होतं. हात न उचलता अख्खा शब्द पुरा करायचा, आणि मग परत येऊन टिंबं द्यायची आणि टीच्या मानेवर काट मारायची.

आणि शाई! ड्रॉपरने भरताना सांडायची, ती टिपायला फळ्याजवळचा खडू. निब फाकली की रडारड. ज्याच्याकडे सोनेरी टोपणाचं हिरो पेन, तो वर्गातला सावकार. बॉलपेनला बंदी, का तर ‘अक्षर बिघडतं’. रोज एक पान शुद्धलेखन, आणि त्यावर सरांची लाल शाईतली शेरेबाजी. माझ्या वहीवर एकदा शेरा होता, ‘मुंग्यांची वरात’. तो मी जपून ठेवलेला नाही, पण विसरलेही नाही.

आता या आठवणी सांगताना गोड वाटतात, पण सगळ्यांच्या गोड नाहीत. आपल्यातला एक डावखुरा होता. त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं गेलं. तो काळच तसा होता, कुणाला दोष देत नाही. गणितात तो आपल्या सगळ्यांच्या पुढे, पण ‘नीटनेटकेपणा’चे गुण त्याचे दरवेळी जायचे. काल रात्री जेवताना त्याने मला सांगितलं, ‘कीबोर्डपुढे बसलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझं लिखाण इतरांइतकंच स्वच्छ दिसलं.’ हे लक्षात ठेवूनच पुढचं बोलते. हस्ताक्षर गेलं म्हणून गळा काढायला मी उभी नाही.

माझ्या धंद्याची बाजूही सांगते. तुम्ही फोनवर ‘क’ दाबता तेव्हा यंत्र क लिहीत नाही, एक संख्या लिहितं. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत क म्हणजे २३२५. तुमचा क, माझा क, मंत्र्याचा क, दुकानदाराचा क, सगळ्यांचा २३२५. या एका गोष्टीने मराठीवर फार उपकार केले. न्यूयॉर्कहून पाठवलेलं मराठी नगरला जसंच्या तसं उमटतं. दृष्टिहीन माणसाला फोन मराठी वाचून दाखवतो. शब्द शोधता येतो. आपल्या भाषेतले बारकावे त्यात बसवायला माणसांनी कष्ट घेतले. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत केवढा फरक आहे! पहिल्यात प्रवचन होईल, दुसऱ्यात जेवण. तो दुसरा, पापणीसारखा र संगणकावर नीट उमटवायला बराच काळ धडपड करावी लागली.

पण संख्या ही संख्याच असते. ल म्हणजे २३५४. तो कसा दिसावा हे ती संख्या सांगत नाही, फॉन्ट ठरवतो. म्हणून आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकात दोन पाकळ्यांचा मराठी ल दिसतो आणि फोनवर बऱ्याचदा दांडीचा हिंदी वळणाचा. शेवटी २०२२ साली शासनाला निर्णय काढून सांगावं लागलं की मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा वापरा. आपल्याला हे शासनाने सांगितलं नव्हतं, हाताला माहीत होतं. हात लिहायचा थांबला की अशा गोष्टींसाठी निर्णय काढावे लागतात.

माझ्या हाताचं काय झालं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. मी तावातावाने बँकेत गेले. तिथल्या मुलीने शांतपणे पडदा माझ्याकडे वळवला. एका बाजूला माझी २००३ ची सही, दुसऱ्या बाजूला परवाची. तिचं बरोबर होतं. ती सही माझीच आहे यावर माझाही विश्वास बसला नसता.

लोक म्हणतात, हाताने लिहिलं की जास्त लक्षात राहतं. २०१४ साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी, म्युलर आणि ओपेनहायमर यांनी, विद्यार्थ्यांवर प्रयोग करून तसं मांडलं आणि ते जगभर गाजलं. लॅपटॉपवर टिपणं काढणारे वक्त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवतात. हाताने काढणाऱ्यांचा वेग कमी, म्हणून ते समजून, गाळून लिहितात. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला. जसंच्या तसं उतरवणं त्यांनाही दिसलं, पण परीक्षेच्या गुणांत फरक आढळला नाही. इंजिनिअर आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या. हस्ताक्षराची बाजू मांडायला मला तो आधार नको. माझ्याकडे वेगळी गोष्ट आहे.

मी १९९८ ला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गेले. आई दर आठवड्याला आंतरदेशीय पत्र पाठवायची. आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर रेखीव आणि ओळी पट्टीने आखल्यासारख्या सरळ, कोऱ्या कागदावरसुद्धा. दुसऱ्या वर्षाला असताना एक पत्र आलं. मजकूर नेहमीचाच. इकडे सर्व ठीक. फीची सोय झाली आहे, काळजी करू नकोस. अभ्यास कर. पण ओळी खाली उतरत गेल्या होत्या. प्रत्येक ओळ उजवीकडे जाताना खाली कललेली. आणि मध्येच शाई बदललेली, म्हणजे लिहिता लिहिता ती उठून गेली होती आणि दुसऱ्या पेनने परत बसली होती. शिरोरेघा तर कित्येक शब्दांवर दिल्याच नव्हत्या.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि एसटीडी बूथवर गेले. आपण रात्री दर कमी झाल्यावर फोन करायचो. मी त्या दिवशी भर दुपारी केला. शेजारच्या काकूंनी उचलला. म्हणाल्या, ‘तुला कुणी सांगितलं?’ बाबांना चार दिवसांपूर्वी दवाखान्यात हलवलं होतं. माझी परीक्षा तोंडावर होती म्हणून मला कळवायचं नाही असं घरात ठरलं होतं. सगळ्यांनी ते पाळलं. आईनेही पाळलं. तिच्या अक्षराने पाळलं नाही.

त्या रात्रीच्या गाडीने मी निघाले. बाबा त्यातून उठले, आणखी अकरा वर्षं होते. परीक्षेतला एक विषय राहिला, तो पुढच्या सहामाहीत काढला. हिशेब मला मान्य आहे.

आज माझी मुलगी सहलीला गेली की मला ‘ठीक आहे’ असा संदेश पाठवते. ती मजेत असली तरी ‘ठीक आहे’, आणि रडत असली तरी ‘ठीक आहे’ तसंच उमटणार, तेच आकडे, त्याच सरळ ओळीत. ती फोन करते, व्हिडिओवर दिसते, हे मला मिळालं आणि आईला मिळालं नाही, हेही खरं. तरी ‘ठीक आहे’ वाचून माझं बोट पुष्कळदा फोनच्या चिन्हाकडे जातं. ती म्हणते, ‘आई, लिहिलंय ना!’

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या ट्रंकेत माझी तिला आलेली पत्रं होती, आणि तिची मला आलेली मी जपली होती. दोन्ही गठ्ठे एकत्र केले. मुलगी नववीत, इंग्रजी माध्यमाची, पण मराठी गोष्टींची पुस्तकं आवडीने वाचणारी. मी मोठ्या हौसेने आजीचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट केलं आणि म्हणाली, ‘हे कोणत्या भाषेत आहे?’

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. पत्र मराठीच होतं. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, ‘अ. आ.’ म्हणजे अनेक आशीर्वाद, हे सांगता येतं. पण जोडून, घाईत, एकात एक अडकवून लिहिलेली अक्षरं तिने कधी पाहिलेलीच नव्हती. तिने फोनने फोटो काढून मजकूर वाचवायचा प्रयत्न केला. फोनने ‘बाबांचे’ चं ‘वावांचे’ केलं आणि पुढे हात टेकले.

आपण सगळे म्हणतो की मुलांना लिहिता येत नाही. मला त्याहून मोठी गोष्ट त्या दिवशी कळली. आधी लिहिणं जातं, आणि त्याच्या मागोमाग वाचणं जातं. हे मी अंदाजाने सांगत नाही. मराठी माणसाच्या बाबतीत हे एकदा पूर्ण घडून गेलेलं आहे.

त्याच ट्रंकेच्या तळाशी आजोबांच्या वडिलांचे काही कागद होते. मोडीतले. मोडी म्हणजे आपली चौथी लिपीच. आधी कागदभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं लटकवत जायची. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. आपल्या शुद्धलेखनाच्या तासाला ही सवलत असती तर! वेगाने लिहिण्यासाठी ती लिपी होती आणि मराठी राज्याचा कारभार तिच्यात चालला. फर्मानं, हिशेब, जमिनीचे दाखले, घरची पत्रं. मग छापखाना आला, छपाईला बाळबोध सोयीची ठरली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच मोडी शाळेतून गेली. बंद करणाऱ्यांचं फारसं चुकलं असंही नाही. दोन लिप्यांचं ओझं मुलांवर कशाला? पण दोन पिढ्यांत काय झालं बघा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल आहेत, तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागद आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा कचेऱ्यांमधले जुने कागद समोर होते आणि ते वाचण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांना शोधून आणावं लागलं. कागद होता, भाषा आपली होती, पण वाचणारे नव्हते. संगणकात मोडीला २०१४ साली जागा मिळाली. म्हणजे अक्षरांना क्रमांक मिळाले. वाचणारे त्याने तयार होत नाहीत.

बाहेरही हेच चाललं आहे. अमेरिकेत बऱ्याच शाळांतून कर्सिव्ह गेली आणि आता तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला जुने हस्तलिखित कागद वाचून द्यायला स्वयंसेवकांना आवाहन करावं लागतं. कॅलिफोर्नियाने तर २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या मुलांना ती पुन्हा शिकवायचं ठरवलं.

पणजोबांचा एक कागद मी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतला. त्यांनी दहा मिनिटांत वाचला. जमीन नाही, गुप्तधन नाही. एका लग्नाचा खर्च. गूळ, तांदूळ, तेल, वाजंत्री. आणि आहेराच्या यादीत एका बाईचं नाव, जे आमच्या घरात आज कुणालाच माहीत नाही. बाकीचे कागद अजून तसेच आहेत.

कुणी म्हणेल, टाइप केलेलं तरी टिकतं. नाही टिकत. २००१ साली मी कॉलेजच्या अंकासाठी एक मराठी लेख तेव्हाच्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. ती फाइल आज उघडली तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो फॉन्ट आता माझ्याकडे नाही. आईची १९९९ ची पत्रं मी अजून वाचू शकते. मी वाचू शकते, हाच मुद्दा आहे. माझ्यानंतर कोण?

म्हणून मी तुमच्याकडे मोठं काही मागत नाही. मुलांना चार रेघी वही आणून द्या, असं सांगणार नाही. ती आपल्याला वेड्यात काढतील. तीन छोट्या गोष्टी सांगते.

घरात जुनी पत्रं, पाककृतींच्या वह्या, हिशेबाच्या डायऱ्या असतील, तर त्या मुलांसोबत बसून मोठ्याने वाचा. मी दर रविवारी एक पत्र वाचते. सातव्या-आठव्या पत्रापासून मुलगी आजीचं अक्षर स्वतः लावायला लागली. मागच्या महिन्यात ते खाली उतरत्या ओळींचं पत्र तिच्या हाती लागलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. निम्म्यावर थांबून म्हणाली, ‘आई, आजी हे लिहिताना रडत होती का?’

दुसरं, त्या पत्रांचे फोटो काढा, शेजारी मजकूर टाइप करून ठेवा, आणि कोणी कुणाला कधी लिहिलं ते नोंदवा. इथे माझा धंदा उपयोगाचा आहे. कुणाला मदत लागली तर मला सांगा, मी करून देईन.

आणि तिसरं संपादक मंडळाला. स्मरणिकेसाठी तुम्ही सगळ्यांकडून टाइप केलेला मजकूर मागितला आहे. तो द्याच. पण प्रत्येकाकडून चार ओळी हाताने लिहूनही घ्या आणि त्यांचा फोटो छापा. विषय कोणताही चालेल. तीस वर्षांनी आपल्यातले काही जण नसतील, आणि कुणीतरी टेबलावर ती स्मरणिका उघडून नावावर हात ठेवील. तेव्हा ओळखायला काहीतरी असू द्या.

माझ्या चार ओळी मी आत्ताच, मधल्या सुट्टीत, समोरच्या बाकावर बसून लिहिल्या. दुसऱ्या ओळीला हात दुखायला लागला. अक्षर अजूनही मुंग्यांची वरातच आहे. सर, कागद तुमच्याकडेच देते. लाल पेन आणलं असेल, तर शेरा लिहायला माझी हरकत नाही.